पंधरा जणांच्या रग्बीची देशव्यापी क्लब लीग: जमेल, पण आठ शहरांपासून सुरुवात नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२५च्या जूनमध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला मोसम झाला. सहा संघ, चौतीस सामने, पंधरा दिवस. अंतिम सामन्यात चेन्नई बुल्सनी दिल्ली रेड्झना ४१-० असं धुतलं. तेव्हापासून रग्बीवेड्या मंडळींमध्ये एक चर्चा रंगते: सेव्हन्स (सात जणांचं रग्बी) पाहिलं, आता पंधरा जणांच्या खऱ्या रग्बीची क्लब लीग काढा. आठ शहरं, घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने, खाली दुसरी श्रेणी, वर-खाली जाण्याची सोय. हे भारतात जमेल का, जमायचं तर कुठून सुरुवात करावी, आणि परदेशी खेळाडू किती घ्यावेत, असं विचारलंय.

जमेल. पण आठ शहरांनिशी आणि विमानाच्या तिकिटांनिशी सुरुवात केली, तर दुसरा मोसम होणार नाही. मी आधी खेळलो, मग बरीच वर्षं शिट्टी वाजवली, आणि आता मुख्यतः स्पर्धांची वेळापत्रकं लावतो. त्यामुळे माझं उत्तर थोडं कारकुनी वाटेल, त्याला इलाज नाही. लीग ज्या गोष्टींवर बुडतात त्या मैदानात सहसा दिसतच नाहीत.

आधी एक गैरसमज दूर करू. रग्बी प्रीमियर लीग चालली, म्हणून पंधराची लीगही चालेल, हे अनुमान चुकीचं आहे. तिथला सामना चार-चार मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे सोळा मिनिटांचा खेळ. तेरा जणांच्या संघात पाच नामवंत परदेशी, तीन दुसऱ्या फळीचे परदेशी आणि पाच भारतीय. सगळे एकाच शहरात मुक्कामाला, एकाच मैदानावर, पंधरवडाभर. पेरी बेकर आणि स्कॉट करीसारखी माणसं आपल्या पोरांच्या शेजारी उभी राहून खेळली, याचं मोल मी कमी करत नाही. मात्र ती रचना टीव्हीसाठी बांधलेली आहे आणि तिचा बहुतेक खर्च त्या पंधरवड्यात संपतो. पंधराच्या लीगचा खर्च दर शनिवारी होतो, तीन-चार महिने, आणि बहुतेक शनिवारी पाहायला खेळाडूंचे भाऊ, मैत्रिणी आणि मैदानाबाहेरचा भेळवाला एवढीच गर्दी असते.

आता खेळाचं गणित. सेव्हन्समध्ये स्क्रमला, म्हणजे दोन्ही संघ वाकून, खांदे भिडवून बॉलसाठी रेटतात तेव्हा, दोन्ही बाजूंनी तीन-तीन माणसं असतात, आणि चपळ पोराला ते काम आठवड्याभरात शिकवता येतं. पंधराच्या खेळात आठ-आठ जण भिडतात आणि सगळा जोर पहिल्या ओळीतल्या तिघांच्या मानेवर येतो. म्हणून नियमच असा आहे की बदली धरून तेवीस जणांचा संघ उतरवायचा असेल, तर त्यात फ्रंट रोला, म्हणजे या पहिल्या ओळीत, खेळू शकणारे, तसं प्रशिक्षण घेतलेले किमान सहा जण हवेत. एकोणीस ते बावीस जण असतील तर पाच. सहा म्हणजे तीन खेळणारे (डावा प्रॉप ‘लूजहेड’, उजवा प्रॉप ‘टाइटहेड’, मधला ‘हूकर’) आणि तिघांना बदली. आपल्याकडच्या किती क्लबांकडे असे सहा जण आहेत? मी रेफरी असताना सामन्याआधी यादी हातात घेऊन विचारायचो, यातला लूजहेड कोण, टाइटहेड कोण, बदली हूकर कोण. उत्तर देताना कप्तान जमिनीकडे पाहायला लागला की ओळखायचं, दुसऱ्या ओळीतला कुणीतरी उंच पोरगा ‘प्रॉप’ म्हणून खपवलाय. मग स्क्रम बिनजोराचे करावे लागतात. दोन्ही बाजूंनी नुसतं वाकायचं, बॉल आत टाकायचा आणि काढायचा. खेळ सुरक्षित राहतो, पण पंधराच्या रग्बीचा कणाच निघून जातो, आणि ज्याने वर्षभर मान आणि खांदे कमावले त्या खऱ्या प्रॉपवर अन्याय होतो.

हे दुखणं क्लबांच्या आळसातून आलेलं नाही, व्यवस्थेतून आलं आहे. ऑलिम्पिकमध्ये २०१६ पासून रग्बी परत आलं ते सेव्हन्सच्या रूपात. आशियाई स्पर्धांत पदक सेव्हन्सचं. सरकारी मदत आणि खेळाडू कोट्यातली नोकरी याच पदकांभोवती फिरते. ओडिशाच्या किंवा बिहारच्या खेड्यातून आलेल्या मुलीला कोच सांगतो की वेगाने पळ, नोकरी लागेल. नव्वद-शंभर किलोच्या पोराला असं काय सांगायचं? पंधराची लीग काढणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर आधी शोधायला हवं. संघांची नावं आणि बोधचिन्हं नंतर सुचतील.

यावर सगळ्यात जवळचा धडा कबड्डीचा आहे. प्रो कबड्डी २०१४ साली आली आणि एका रात्रीत यशस्वी झाली, असं ज्यांना वाटतं त्यांनी प्रभादेवी-लालबागच्या मंडळांचे सामने पाहिलेले नसतात. त्या लीगच्या मागे कित्येक दशकांची मंडळं होती, मध्य रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम यांसारख्या आस्थापनांचे संघ होते, आणि कबड्डीच्या जोरावर घर चालवणारी माणसं होती. यू मुंबा आणि पुणेरी पलटण ही वरची पाटी होती, खालचं दुकान आधीपासून चालू होतं. रग्बीत आपल्याकडे पाटी आली आहे. दुकानं मोजकी आहेत: मुंबईत बॉम्बे जिमखाना आणि मॅजिशियन्स, कोलकात्यात सीसीएफसी (कलकत्ता क्रिकेट अँड फुटबॉल क्लब) आणि जंगल क्रोज, दिल्लीत हरिकेन्स, चेन्नईत चीताज, आणि लष्कराचे तगडे संघ. पंधराचं रग्बी या मंडळींनीच धरून ठेवलंय. नवी लीग यांच्या डोक्यावर बसवायची की यांच्यातून वर आणायची, मुख्य वाद हा आहे. चाहते मात्र जर्सीच्या रंगावर जास्त बोलतात, आणि त्यात गंमत आहे हेही खरं.

डोक्यावर बसवल्याचे दाखले बाहेर पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियाने २००७मध्ये आठ संघांची ऑस्ट्रेलियन रग्बी चॅम्पियनशिप काढली. सिडनी फ्लीट, सेंट्रल कोस्ट रेज, ईस्ट कोस्ट एसेस अशी नावं दिली. रँडविक किंवा सिडनी युनिव्हर्सिटी या सिडनीतल्या जुन्या क्लबांचा पिढीजात पाठीराखा ‘फ्लीट’साठी घसा का फोडेल? एका मोसमात सत्तेचाळीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास तोटा झाला आणि स्पर्धा गुंडाळली. तिकडच्या जाणत्यांना खेळ कळत नव्हता असं कुणी म्हणणार नाही. २०१४मध्ये त्यांनी पुन्हा नऊ संघांची नॅशनल रग्बी चॅम्पियनशिप आणली, या वेळी काही संघ क्लबांना जोडून. तरी सिडनीतल्या क्लबांच्या जोडगोळ्या जमल्या नाहीत. सिडनी स्टार्स दोन मोसमांत बाहेर पडला, आणि २०१९च्या मोसमानंतर सगळी स्पर्धाच संपली.

वेल्समध्ये २००३ साली शतकभराचे क्लब एकत्र करून पाच प्रादेशिक संघ केले. त्यातला केल्टिक वॉरियर्स, पाँटिप्रिड आणि ब्रिजेंड या कट्टर शेजाऱ्यांचा मिळून केलेला, एका मोसमात बंद पडला. अमेरिकेतली प्रो रग्बी २०१६ साली पाच संघांनिशी आली आणि त्या एका मोसमावरच थांबली. दोन वर्षांनी आलेल्या मेजर लीग रग्बीने सिएटल, ग्लेंडेल, ऑस्टिन अशा ठिकाणी आधीपासून रुजलेल्या क्लबांच्या मुळांवर संघ उभे केले. तिचेही काही संघ गेले, मालकांनी हात वर केले, पण लीग वर्षानुवर्षं चालली.

उलट इंग्लंडने १९८७मध्ये आणि आयर्लंडने १९९०मध्ये काय केलं? क्लब होतेच, मैत्रीचे सामने पूर्वापार होत होते. त्यांनी त्यांनाच श्रेणींत मांडलं आणि गुणतक्ता दिला. नवीन फक्त तक्ता होता.

ऑस्ट्रेलियाच्या त्या दुसऱ्या फसलेल्या स्पर्धेबद्दल एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. २०१७मध्ये तिच्यात फिजी द्रुआ हा संघ घेतला, २०१८मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवलं, आणि २०२२पासून ते सुपर रग्बी या व्यावसायिक स्पर्धेत आहेत. म्हणजे स्पर्धा मेली, पण तिने एका देशाला व्यावसायिक संघ देऊन ठेवला. लीगकडून नक्की काय हवंय, हे आधी ठरवलं तर तिचं यश-अपयश मोजता येतं. आपल्याला चांगले फ्रंट रो, सोळा वर्षांच्या पोराला वीस वर्षांचा होईपर्यंत खेळायला सामने, आणि पुरेसे रेफरी हवे असतील, तर लीगची रचना वेगळी होईल. टीव्हीवर चमक हवी असेल, तर वेगळी.

आता ज्या अडचणीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय तिच्याकडे येतो. ती म्हणजे ऋतू. मुंबईत रग्बी पावसाळ्यात खेळतात. कारण सरळ आहे. आपली मोकळी मैदानं क्रिकेटची आहेत. बॉम्बे जिमखान्याचंच बघा, १९३३च्या डिसेंबरमध्ये भारतातली पहिली कसोटी त्याच मैदानावर झाली. क्रिकेट झाकून ठेवलं, पाऊस लागला, माती मऊ झाली की रग्बीचे खांब उभे राहतात. मऊ मातीवर टॅकल करून पडायला भीती वाटत नाही, डिसेंबरच्या कडक मैदानावर कोपर-गुडघे सोलून निघतात. कोलकात्यातही पावसाळाच. पण दिल्लीला मे-जूनमध्ये ऐंशी मिनिटं खेळायला सांगणं म्हणजे खेळाडूंना उन्हात मारणं आहे. तिकडे पाऊस ओसरल्यावर आणि हिवाळ्यात खेळणं सोयीचं, आणि नेमकं तेव्हा मुंबईतली मैदानं क्रिकेटकडे परत गेलेली असतात. बंगळुरूला हवेची अडचण नाही, तिथे अडचण मैदानाची.

मग ‘घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर’ हे कोणत्या महिन्यात बसवणार? मी हे कागदावर अनेक प्रकारे मांडून पाहिलं आहे. आठ शहरांचा दुहेरी साखळीचा तक्ता काढला की प्रत्येक संघाला चौदा सामने येतात, म्हणजे विश्रांतीचे आठवडे धरून चार महिने. या चार महिन्यांत सगळ्या शहरांना खेळता येईल असा काळ भारतात नाही. चाहते याला तपशील म्हणतात. मला विचाराल तर प्रस्ताव इथेच अडतो.

दुसरी अडचण अंतराची. मुंबई ते हावडा रेल्वेने जवळपास दोन हजार किलोमीटर. तेवीस खेळाडू, कोच, फिजिओ, मॅनेजर मिळून सव्वीस माणसं न्यायची. यातले निम्मे नोकरी करतात, काही कॉलेजात आहेत, आणि शुक्रवारची सुट्टी महिन्यातून दोनदा मागितली की साहेब तोंड वाकडं करतो. परवडत नाही म्हणून संघ येत नाही, वॉकओव्हर जातो, आणि दोन वॉकओव्हर झाले की गुणतक्त्यावरचा विश्वास संपतो. लीग अशी मरते. कुणी ती बंद केल्याचं जाहीरही करत नाही, फक्त पुढच्या वर्षी वेळापत्रक येत नाही.

म्हणून माझा आराखडा असा. देशभरची लीग नावापुरती, प्रत्यक्षात चार मंडलं. पश्चिमेला मुंबई आणि पुणे, पूर्वेला कोलकाता आणि भुवनेश्वर, दक्षिणेला चेन्नई-बंगळुरू-हैदराबाद, उत्तरेला दिल्ली आणि आसपास. प्रत्येक मंडलाने आपल्या ऋतूत, आपल्या सोयीने खेळावं. मुंबई-पुण्याचा प्रवास दोनशे किलोमीटरच्या आतला आहे, सकाळी बसने निघून रात्री घरी परतता येतं, हॉटेलचा खर्च शून्य. मुंबईतून तीन आणि पुण्यातून दोन संघ मिळाले तरी दुहेरी साखळीत प्रत्येकाला आठ सामने मिळतात, आणि आज इथल्या क्लब खेळाडूला वर्षभरात पंधराचे आठ चुरशीचे सामने मिळाले तर तो स्वतःला भाग्यवान समजेल. प्रत्येक मंडलातले पहिले दोन मग एका ठिकाणी, तीन शनिवार-रविवारांत, आठवड्याच्या अंतराने. सगळं आठ दिवसांत उरकण्याचा मोह टाळावा. ऐंशी मिनिटांच्या सामन्यानंतर फ्रंट रोला तिसऱ्या दिवशी पुन्हा उतरवणारा माणूस स्वतः कधी स्क्रममध्ये वाकलेला नसतो.

याच्या जोडीला एक आव्हान-ढाल ठेवा. ही कल्पना न्यूझीलंडची. तिथे १९०४पासून रॅनफर्ली शील्डसाठी आव्हानं दिली जातात: ज्याच्याकडे ढाल आहे तो घरच्या मैदानावर आव्हान स्वीकारतो, हरला तर ढाल गेली. तिकडची प्रांतांची साखळी स्पर्धा १९७६ची, ढाल तिच्या कितीतरी आधीची, आणि आजही ढालीच्या सामन्याला वेगळंच पाणी चढतं. मुंबई-पुण्यात अशी ढाल फिरली तर गुणतक्त्यात तळाला असलेल्या संघालाही एका दुपारी सगळा मोसम सार्थकी लावता येईल. खर्च एका लाकडी ढालीचा.

पैशाबद्दल. तिकिटातून काही येणार नाही, हे धरूनच चाला. खर्चात मैदानाचं भाडं, बस, रेफरींचं मानधन, विमा, आणि सामन्याला डॉक्टर व अॅम्ब्युलन्स. यातलं शेवटचं कापायचा विचार कुणी बोलून दाखवला तर त्याला समितीतून काढा. डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसला की खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही, आणि क्लब पातळीवर किमान एकवीस दिवस सामना खेळत नाही. आठ सामन्यांच्या मोसमात एकवीस दिवस म्हणजे दोन-तीन सामने, त्यामुळे कप्तान आणि खेळाडू दोघंही लपवायला बघतात. हा निर्णय डॉक्टरचाच असावा, आणि डॉक्टर क्लबने आणलेला नसावा, लीगने नेमलेला असावा.

याच कारणासाठी पुरुष आणि महिलांचे सामने एकाच दिवशी, एकाच मैदानावर, पाठोपाठ ठेवा. अॅम्ब्युलन्स एक, डॉक्टर एक, भाडं एक, बस जवळपास एक. महिलांना ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्यात पैशाची बचतही नाही आणि अक्कलही नाही. भारताच्या महिलांनी पंधराचं आंतरराष्ट्रीय रग्बी २०१८मध्ये सुरू केलं आणि २०१९मध्ये मनिलात सिंगापूरला २१-१९ने हरवून पहिला विजय मिळवला. त्या संघाची कप्तान वाहबिझ भरूचा आपल्या पुण्याची. एवढ्या लवकर जिंकायला शिकलेल्या खेळाडूंना देशात पंधराचे सामनेच नसतील, तर पुढची पिढी सगळी सेव्हन्सकडे जाईल, आणि तिला दोष देता येणार नाही.

रेफरींचा तुटवडा हा आमच्या जमातीचं जुनं रडगाणं आहे, लांबवत नाही. पाच संघ असतील तर शनिवारी पुरुषांचे दोन सामने. प्रत्येकाला एक रेफरी आणि दोन साहाय्यक. प्रत्येक क्लबने दोन जण प्रशिक्षणाला पाठवावेत ही प्रवेशाची अट ठेवा, आणि ते आले नाहीत तर गुण कापा. गुण कापल्याशिवाय क्लब रेफरी देत नाहीत, हा अनुभव जगभरचा आहे.

वर-खाली जाण्याची सोय, म्हणजे शेवटचा संघ खालच्या श्रेणीत, पहिली पाच वर्षं नको. खाली श्रेणीच नाही, तर जाणार कुठे? त्यापेक्षा प्रत्येक क्लबला सोळा वर्षांखालचा एक संघ सक्तीचा करा. मुंबईत हे नवीन नाही. बॉम्बे जिमखान्याकडून रग्बी खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी यांनी रस्त्यावरच्या मुलांना मैदानात आणलं, त्यातून १९९९मध्ये मॅजिक बस ही मुलांसाठीची संस्था उभी राहिली. कोलकात्यात जंगल क्रोजनी २००४पासून मैदानावरच्या पोरांचा क्लब केला. भुवनेश्वरच्या किस (कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) या संस्थेच्या आदिवासी मुलांनी २००७मध्ये लंडनला चौदा वर्षांखालची स्पर्धा जिंकली. चांगले खेळाडू आपल्याकडे या वाटेने आले आहेत, आणि जिमखान्याच्या सभासदत्वाच्या फॉर्मवर त्यांच्यातल्या अनेकांची नावं कधीच आली नसती.

एकाच स्रोतावर विसंबण्याचा धोका भारतीय रग्बीला जन्मापासून ठाऊक आहे. १८७०च्या दशकात कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला, बफ्स ही ब्रिटिश पलटण तिथून हलली, उरलेल्यांना पोलो आणि टेनिस बरं वाटू लागलं, आणि १८७८मध्ये क्लब मोडला. बँकेतले चांदीचे रुपये वितळवून, नागाच्या मुठी असलेला कप घडवून त्यांनी तो लंडनला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच्यासाठी भिडतात. आजही आपल्या पंधराच्या खेळाचा मोठा भार लष्कराच्या संघांवर आहे. ते शिस्तीचे आहेत, त्यांच्याकडे प्रॉप आहेत, पण बदली आली की कप्तान जोरहाटला. त्यांना लीगमध्ये घ्याच. फक्त लीग त्यांच्यावर टेकवू नका.

राहिला परदेशी खेळाडूंचा प्रश्न. मागणी होते ती नेहमी कडेने पळणाऱ्या विंगरची आणि चाल आखणाऱ्या फ्लाय-हाफची, कारण ट्राय (रेषेपलीकडे बॉल टेकवून गुण) ते मारतात आणि फोटो त्यांचे येतात. मी प्रत्येक संघाला दोनच परवानगी देईन, आणि त्यातला एक फ्रंट रोचाच हवा. त्याच्या करारात आठवड्यातून दोन संध्याकाळी क्लबच्या पोरांना स्क्रम शिकवण्याचं कलम असावं. फिजी, जॉर्जिया, अर्जेंटिना इथे असे चौतीस-पस्तिशीचे प्रॉप सापडतात. त्यांचे गुडघे गेलेले असतात, पण हात कुठे धरायचा, कंबर किती खाली न्यायची, समोरचा आत घुसतोय हे खांद्याला कसं कळतं, हे त्यांना झोपेत येतं. असा एक माणूस पुण्यात दोन मोसम राहिला तर तिथल्या क्लबांना यादीतले सहा जण जमिनीकडे न पाहता सांगता येतील.